इंटरव्ह्यू कुणाचा?

बुधवार, रात्री साडेअकरा

झोप येत नाहीये म्हणून लिहितोय. इंटरव्ह्यू बरा झाला की वाईट, ते मला अजून कळलेलं नाही, आणि त्याचं एवढं काही वाटतही नाहीये. डोक्यात घोळतोय तो गेटवरचा सिक्युरिटीवाला.

हिंजवडी फेज टू. दहाची वेळ होती, म्हणून मी सव्वाआठलाच वाकडच्या पुलाखाली हजर. तरी पोचायला साडेनऊ. सिक्युरिटीवाल्यानं रजिस्टर पुढे ओढलं. नाव, मोबाईल, गाडी नंबर. मग पेन हवेत धरून म्हणाला, "काम काय?"

"इंटरव्ह्यू."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग माझ्या मागे बघितलं. आणि विचारलं, "कुणाचा?"

"माझा," मी म्हणालो. आवाज जरा चढलाच असावा, कारण शेजारचा स्विगीवाला वळून बघायला लागला.

आता याचं काय करायचं? त्याला 'कुणाकडे' असं विचारायचं असेल. नाव लागतंच त्यांना. किंवा मी घ्यायला आलोय की द्यायला, एवढंच हवं असेल. तशी दहा वर्षं घेण्यातच गेली माझी. हे सगळं पटतं. पण मग मागे कशाला बघितलं? मागे कोण होतं? चव्वेचाळिसाव्या वर्षी माणूस पोराला सोडायला आलाय असं वाटावं, इतका का मी... हिला विचारलं तर म्हणाली, "डाय लाव म्हणून दिवाळीपासून सांगतेय." विषय संपला. तिच्यापुरता.

आत सोफ्यावर पाचसहा पोरं, प्रत्येकाच्या पाठीला सॅक. माझ्या मांडीवर प्लास्टिकची फाइल. आत दहावीपासूनच्या मार्कशीट, लॅमिनेशन पिवळं पडलेलं. हल्ली कागद कोण मागतं? पेस्लिपा, फॉर्म १६, सगळं पोर्टलवर टाकून झालंय. तरी सकाळी निघताना हात आपोआप फाइलकडे गेला. कॅम्पसच्या वेळी दादानं घेऊन दिलेली. असो.

घेणारे दोघं. एक समोर, दुसरा बंगळुरूहून, कॅमेरा बंद. समोरच्यानं पहिलंच विचारलं, "सर, अजून हँड्स-ऑन आहात ना?" म्हणजे स्वतः कोड लिहिता ना. हा प्रश्न येणार हे माहीत होतं. उत्तरही पाठ होतं. रिव्ह्यू करतो, आर्किटेक्चर बघतो वगैरे. मान डोलवत ऐकलं बिचाऱ्यानं आणि हातात मार्कर दिला. लिंक्ड लिस्ट उलटी करून दाखवा. लिंक्ड लिस्ट म्हणजे चौकोनांची, नोडांची साखळी; प्रत्येक नोडमध्ये पुढच्याचा पत्ता, तोच पॉइंटर.

मी स्वतः हा प्रश्न किती पोरांना विचारला असेल! आणि किती जणांना त्याच एका चुकीवर घरी पाठवलं असेल. पुढच्या नोडचा पत्ता आधी बाजूला जपून ठेवायचा, मग पॉइंटर फिरवायचा. मी आधी फिरवला. बोर्डवर एक चौकोन मागे तोंड करून उभा, पुढची अख्खी साखळी हवेत. बंगळुरूकडून एक बारीक खोकला आला. मग मी पुसून नीट लिहिलं, पण पुसलेलं दिसतंच ना बोर्डवर.

एचआरची मुलगी गोड होती. तुमचं प्रोफाइल थोडं सीनिअर पडतंय, म्हणाली. त्यांना तीस दिवसांत माणूस हवाय, माझा नोटीस पिरियड नव्वद. बाय-आउटचं, म्हणजे पैसे भरून उरलेले दिवस सोडवून घ्यायचं, बघू म्हणाली. बघू म्हणजे काय ते मला कळतं, मीही म्हणायचो.

येताना मेट्रोच्या खांबांखाली पाऊण तास अडकलो. ग्रॅच्युइटी मोजत बसलो. बेसिक गुणिले १५, भागिले २६, गुणिले अकरा वर्षं. दोनदा मोजलं, आकडा तेवढाच. नवीन मॅनेजर आल्यापासून ऑफिसात काय चाललंय त्याबद्दल आज लिहीत नाही.

आणि पुन्हा तेच. कुणाचा? शिवाजी चौकाच्या सिग्नलला आरशात मागची सीट बघितली. खरंच बघितली. पाण्याची बाटली आणि धाकट्याचा क्रिकेटचा एक ग्लोव्ह.

आत्ता खिसे रिकामे करताना व्हिजिटर पास हाताला लागला. भेटीचं कारण, या रकान्यात त्या बाबानं काय लिहिलंय? 'इंटरव्ह्यू, स्वतःचा'. स्वतःचा! खाली रेघ मारून. म्हणजे त्यालाही ते नोंदवून ठेवावंसं वाटलं. पहिल्यांदा डोकं सणकलं, मग एकटाच हसत बसलो. ही झोपेत म्हणाली, काय झालं? म्हटलं, काही नाही, झोप.

पास सही घेऊन गेटवर परत द्यायचा असतो, तसं मागे छापलंय. निघताना पाऊस होता, मागच्या गेटनं बाहेर पडलो, कुणी मागितला नाही. 'बाहेर पडल्याची वेळ' कोरी. म्हणजे त्यांच्या रजिस्टरप्रमाणे मी अजून आतच आहे.