चार लिटर सापडले, आणि जायरो यादीतून गेला

लांबच्या समुद्रप्रवासासाठी विकत घ्यायला तीन मोटरबोटी बघतोय; मागच्या वेळी लिहिलं होतं की तिघींपैकी ‘दुसरी’ जवळजवळ ठरली. वॉटरलाइनला (पाण्याच्या पातळीवर) ५५ फूट लांब, पूर्ण डिस्प्लेसमेंट तळ (पाण्यावर न उचलता ते कापत जाणारा), एक मुख्य इंजिन, शेजारी घरी पोचवण्यापुरतं विंग इंजिन, ७,५०० लिटर डिझेल. माहितीपत्रकात ८ नॉटला (ताशी ८ सागरी मैल) २,७०० सागरी मैलांचा पल्ला. पहिल्या ट्रायलला टाक्या अर्ध्या होत्या, स्क्रीनवर ताशी २२ लिटर दिसले, आकडा जुळला आणि मी खूश होऊन तुम्हाला तसं कळवलंही. तो हिशोब खोडा.

दुसऱ्या ट्रायलला अट घातली: टाक्या तुडुंब, टेंडर (सोबतची छोटी होडी) वर चढवलेला, आणि आत आपण खरंच राहतोय असं सगळं चालू. जायरो (वेगानं फिरणाऱ्या जड चाकानं बोटीचे हेलकावे दाबणारं यंत्र), एसी, वॉटरमेकर (खाऱ्याचं गोडं पाणी करणारा), फ्रीजर, सगळं. मोजमाप स्क्रीनवर नाही, डे टँकवर, म्हणजे जिच्यातून डिझेल पुढे जातं त्या छोट्या टाकीवर. मेन टाकीकडून येणारा कॉक बंद केला, साईट ग्लासच्या (पातळी दाखवणाऱ्या काचनळीच्या) कडेनं पांढरी टेप उभी चिकटवली, बारीक मार्करनं पहिली रेघ मारली आणि स्टॉपवॉच दाबलं.

दहा मिनिटांत पोटात गोळा आला. पातळी डोळ्यांदेखत उतरत होती. हिशोब केला तर ताशी शंभर लिटरच्या वर. मी गुडघ्यावर बसून प्रत्येक जोड हातानं चाचपला, सगळे कोरडे. कॅप्टन वरून खाली आले, एकदा बघितलं आणि म्हणाले, “रिटर्न कुठे जातोय ते बघा आधी.” रिटर्नचा कॉक डाव्या मेन टाकीकडे वळलेला होता. डिझेल इंजिन जाळतं त्यापेक्षा बरंच जास्त डिझेल ओढतं आणि उरलेलं गरम होऊन परत जातं. ते दुसऱ्याच टाकीत पडत होतं. कॉक फिरवला, टेप बदलली, नवी रेघ.

पुढच्या एका तासात ८ नॉटला बरोबर ३० लिटर उतरले. स्क्रीन म्हणत होती २६. अर्ध्या टाकीचे २२ भरल्या बोटीला २६ होणार, ते पटलं. पण वरचे चार?

या चार लिटरांनी अख्खी दुपार खाल्ली. बोट मागे बसते म्हणून पातळी फसवत असेल? नाही, दोन्ही रेघा त्याच वेगाला आणि त्याच ट्रिमला (पुढे-मागे झुकावाला) मारल्या होत्या. रिटर्नचं डिझेल गरम? मग ते फुगून पातळी उलट वरच दिसायला हवी. शेवटी सगळी वीज बंद केली, जनरेटर थांबवला आणि अर्धा तास नुसतं इंजिन चालवलं. १३ लिटर. म्हणजे ताशी २६. स्क्रीन खोटं बोलत नव्हती, ती फक्त मुख्य इंजिनाचं सांगत होती.

जनरेटर डिझेल पितो हे मला ठाऊकच होतं. मी त्याला ताशी दीड लिटर धरला होता, तोही दिवसाचे चार तास. पण जायरोचं चाक वेग घ्यायलाच पाऊण तासाच्या आसपास लागतं, त्यामुळे त्याला मनाला येईल तसं बंद-चालू करता येत नाही. समुद्रात जायरो हवा तर जनरेटर चोवीस तास हवा, आणि तो चालूच आहे म्हटल्यावर एसीही चालूच राहतो.

आता खरा हिशोब. टाकीतलं पाच टक्के डिझेल वापरात येत नाही असं धरलं, उरलेल्यातलं पंधरा टक्के राखीव. हातात ६,०५० लिटर. ताशी ३० नं ८ नॉटला १,६१० मैल. अटलांटिकमधलं बर्म्युडा ते अझोर सुमारे १,८०० मैल आहे. तिथेही पोचत नाही!

हळू जा, हे उत्तर तुमच्या ओठांवर असेल. गेलो. ६.५ नॉटला इंजिन १४ लिटरवर आलं, पण जनरेटरचे चार तसेच. ८ नॉटला खर्चातला जेमतेम सातवा भाग जनरेटरचा होता, ६.५ ला तो पाचव्या भागाच्या वर गेला. पल्ला २,१८५. वेग उतरवून कमावलेलं डिझेल जायरो खातोय, हे आकड्यांत दिसल्यावर माझ्यापुरता निकाल लागला.

त्याजागी फिन, म्हणजे तळाला दोन्ही बाजूंना हलणारे पंख, मुख्य इंजिनावरच्या हायड्रॉलिक पंपानं चालणारे. सोबत इंजिनावर मोठा अल्टरनेटर, लिथियम बॅटऱ्या, आणि रात्री एकाच केबिनला एसी. या सगळ्याला ताशी दोन लिटर जास्तीचे धरले तर ७ नॉटला, १७.५ अधिक २, असा पल्ला २,१७० मैल येतो. कॅनरी ते बार्बाडोस थेट २,६०० च्या वर आहे, ते जमत नाही. पण केप व्हर्दच्या मिंडेलोत थांबलं तर पुढचा टप्पा साधारण २,०२० उरतो आणि राखीव साठ्याला हात लागत नाही. हा आकडा वहीत दोनदा तपासला, मग जेवलो.

मधे एक गोड गोष्ट. धक्क्याला दोर सैल सोडून सहा जणांनी बोट झुलवली: दहा हेलकाव्यांना ५२ सेकंद. रुंदी पाच मीटर वीस, म्हणजे जीएम (कललेली बोट किती जोरानं सरळ होते त्याचं माप) अंदाजे ६४ सेंटीमीटर. भरल्या टाक्यांवरही चाल मऊ, झटका नाही. तिघींतल्या पहिल्या बोटीचा झटका आठवतोय ना? त्यापुढे ही पाळण्यासारखी आहे. इंजिनरूममध्ये ताठ उभं राहता येतं, आणि जुळे फिल्टर चालत्या इंजिनावर एका दांड्यानं बदलता येतात. फिल्टरच्या व्हॅक्यूम गेजला सर्वांत वरच्या आकड्यावर थांबून राहणारी लाल सुई आहे. एवढी साधी सोय प्रत्येक बोटीवर का देत नाहीत, मला कळत नाही.

हे लिहिता लिहिता फिनबद्दलच शंका आली. फिनचा जोर वेगाच्या वर्गानं घटतो. ८ वरून ६.५ ला आलो की जोर दोन-तृतीयांशच उरतो, आणि पल्ल्यासाठी मला जायचंय हळूच. मोठे फिन बसवले तर घर्षण वाढणार, मासेमारीच्या जाळ्यांत अडकण्याचं भय वेगळं. नांगरावर तर साधे फिन काहीच करत नाहीत.

मग पॅराव्हेन? रॉबर्ट बीबी यांच्या १९६३ च्या ५० फुटी ‘पॅसेजमेकर’वर हेच होते. दोन्ही बाजूंना लांब दांडे, त्यांना टांगून पाण्यात खोल ओढले जाणारे ‘मासे’. वीज शून्य, वेगात मात्र अर्ध्या नॉटच्या आसपास घट. एवढ्या देखण्या बोटीला दांडे शोभत नाहीत, हे घरातूनही ऐकलं. पण त्याच दांड्यांना नांगरावर असताना पत्रे टांगले की तिथलेही हेलकावे कमी होतात. नेहमीच्या मापाचे फिन चालताना, दांडे नांगरावर आणि हायड्रॉलिक बंद पडल्यास. आज सकाळपर्यंत हे माझ्या यादीतच नव्हतं.

डिझायनरना विचारलंय की छतावरची कमान दांड्यांचा ताण घेईल का, की वेगळा मास्ट लागेल. उत्तर येईपर्यंत बयाणा देत नाही. तिसऱ्या ट्रायलला ६, ६.५ आणि ७ नॉटला प्रत्येकी दोन तास, जनरेटर बंद ठेवून, डे टँकवर. रिटर्नच्या कॉकला लाल रंग देऊन ठेवलाय.