दुतेर्तेंच्या माहितीपटाला मराठी सबटायटल लावताना

नौपाड्यात आमचा छोटा गट आहे, जमेल तसे माहितीपट बघतो. यंदा फिलिपीन्सचे माजी अध्यक्ष रॉद्रिगो दुतेर्ते सत्तेवर कसे आले, त्यावरचा निवडला आणि मराठी सबटायटलचं काम माझ्या गळ्यात पडलं.

परवानगी लगेच मिळाली. निर्मात्यांनी खुर्च्या किती, तिकीट आहे का, एवढंच विचारलं आणि इंग्रजी सबटायटलची फाइलही पाठवली. हॉलवाले काका मात्र, "राजकीय नाही ना?" फिलिपीन्सचं आहे म्हटल्यावर लगेच किल्ली काढून दिली!

निवेदन भराभर उरकलं. खरा वेळ खाल्ला तो प्रचारसभांनी. तीन ते सहा महिन्यांत गुन्हेगारी संपवतो, ड्रग्जवाल्यांना मारून टाकीन, हे दुतेर्ते शिव्या पेरत, गप्पा मारल्यासारखं सांगतात आणि गर्दी खदाखदा हसते. इंग्रजी फाइलमध्ये दोन-दोन वाक्यं एकदम पडद्यावर यायची, त्यामुळे ते बोलायच्या आधीच आपलं वाचून झालेलं असायचं. मी प्रत्येक वाक्य तोडून त्यांच्या तोंडाशी जुळवलं. बघणाऱ्याला ते आधी गमतीदार वाटलं पाहिजे, नाहीतर दाव्हाओ शहराने या माणसाला वीसहून अधिक वर्षं महापौर का ठेवलं, ते कळणारच नाही.

मग फॉन्टने छळलं. लॅपटॉपवर सगळं ठीक, पण हॉलच्या प्रोजेक्टरला पेनड्राइव्ह लावला की जोडाक्षरं फुटायची, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटायची. शेवटी हँडब्रेक नावाच्या व्हिडिओ सॉफ्टवेअरमध्ये सबटायटल व्हिडिओतच कायमची बसवून टाकली. फाइल तयार व्हायला रात्र गेली, पण प्रश्न मिटला.

पहिल्या सभेला आमचा हॉलही हसला. नंतर रस्त्यावरची प्रेतं दिसली, आणि पुढच्या सभेत फक्त पडद्यावरची गर्दी हसत होती.

चर्चा रंगली ती आकड्यावर. मे 2016 मध्ये दुतेर्ते जिंकले ते 39 टक्के मतांवर, कारण तिथे दुसरी फेरी नसते. (आपले आमदार तरी वेगळे कुठे निवडून येतात?) एका आजोबांनी विचारलं, "आता कुठे असतात हे?" मार्च 2025 मध्ये अटक करून त्यांना हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे नेलं आणि कोठडीत असतानाच मे महिन्यात दाव्हाओने त्यांना पुन्हा महापौर निवडलं, हे सांगितल्यावर चहा येईपर्यंत कुणी उठेना.

नेरुळच्या एका गटाने आता फाइल मागितली आहे. पाठवली, सोबत निर्मात्यांचा मेलही दिला. परवानगी त्यांची त्यांनी काढायची.