अपडेट: नोटीस आली, क्यूआर काढला, आणि सूचीचं आता वेगळंच ठरतंय

मागच्या वेळी म्हटलं होतं की पुढच्या अपडेटला ओसीआरचे, म्हणजे स्कॅनमधून मजकूर काढण्याचे, रिझल्ट टाकतो, ते राहू द्या राजेहो, कारण मध्येच स्पीड पोस्टाने, आपण जिची फॅनसाईट चालवतो त्या जुन्या पुस्तकमालिकेच्या प्रकाशकाची नोटीस येऊन पडली. पुण्याच्या वकिलाकडून. मुखपृष्ठांचे स्कॅन, नमुन्याला टाकलेली पहिली प्रकरणं, डोमेनमधलं मालिकेचं नाव आणि वरचा लोगो, हे चार मुद्दे आहेत आणि यातला एकही आपल्याला नवीन नाही, सगळ्यांवर आपली भांडणं होऊन गेलीत. पण जोर भलतीकडेच आहे. नोटिशीच्या शेवटी आपल्या होमपेजचा कलर प्रिंटआउट जोडलाय, त्यात खालच्या कोपऱ्यातल्या 'सर्व्हरखर्चाला हातभार लावा' वाल्या क्यूआर कोडभोवती लाल पेनाने गोल काढलाय, पेन इतकं दाबून की कागद मागून फुगलाय, आणि बाजूला हाताने लिहिलंय 'व्यावसायिक वापर'. इतकी वर्षं स्कॅन पडून होते तेव्हा कुणी विचारलं नाही, क्यूआर लागला आणि कागद आला.

त्या रात्री क्यूआर काढला. स्कॅन लपवले, डिलीट नाही केले. ग्रुपवर लगेच दोन पार्ट्या झाल्या, एक म्हणे आपण एक रुपया कमावत नाही तर घाबरायचं काहून, दुसरी म्हणे सगळं बंद करा. आपल्यातले हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात प्रॅक्टिस करणारे दादा आहेत त्यांच्याकडे जाऊन बसलो, आणि बाकीचं सगळं त्यातूनच निघालं, म्हणून नीट लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे 'आम्ही फुकट देतो' हा बचावच नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५१ मध्ये परवानगीशिवाय कॉपी लोकांपुढे ठेवली की उल्लंघन झालं, खिशात काही पडलं का हा प्रश्न तिथे येतच नाही. आपले लेखक १९९४ ला गेले, त्यात पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे २०५४ संपेपर्यंत मजकूर कुणाच्या तरी मालकीचाच. मग पैशाने फरक पडतो कुठे? दादांनी तीन जागा दाखवल्या. एक, कलम ५२ ची फेअर डीलिंग, म्हणजे रास्त वापराची सूट, ज्यात समीक्षा बसते, तिथे वापर कशासाठी आणि किती हे बघतात, आणि देणगीमुळे ते आपोआप बाद होत नसलं तरी समोरच्याला बोलायला जागा मिळते. दोन, कलम ६३, फौजदारीचं, त्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे, पण धंद्यातल्या फायद्यासाठी केलेलं नसेल तर कोर्ट कारण नोंदवून त्याहून कमी शिक्षा देऊ शकतं. त्या एका सवलतीवर हौशी माणूस टिकून असतो, आणि तो लाल गोल बरोब्बर तिथेच मारलाय. तीन, डोमेन, त्यावर खाली येतो.

आणि इथेच आपला तो मतदानाने पास झालेला प्लॅन मेला. आठवतंय ना, ५०० देणाऱ्याला हाय-रिझोल्यूशन मुखपृष्ठ आणि हजारवाल्याला पूर्ण पीडीएफ? दादा हसले. म्हणे, याला देणगी नाही म्हणत, ही विक्री झाली, रेटकार्ड सकट. बदल्यात काही मिळत असेल तर तुम्ही त्याला हातभार म्हणा नाहीतर दक्षिणा म्हणा. नशीब ते लाइव्ह गेलं नव्हतं. माझं मत विचाराल तर हा प्लॅन नोटीस नसती तरी वाईटच होता, वाचकांत पैसेवाले आणि बिनपैसेवाले अशी रांग लावायला आपण बसलेलो नाही.

आता डोक्याला ताप झालेला भाग, मालक नेमका कोण. प्रकाशक म्हणतो सगळे हक्क माझे. मी मोठ्या उत्साहात कलम १९(५) घेऊन गेलो होतो, हक्क लिहून देताना मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षंच धरायची असं त्यात सरळ आहे, म्हणजे सत्तरच्या दशकातले करार केव्हाच संपले आणि हक्क लेखकाच्या घरच्यांकडे परत, त्यांच्याकडून साधं परवानगीचं पत्र आणायचं, काम झालं! दोन संध्याकाळ मी या आनंदात होतो. दादांनी त्याच कलमाचं पोटकलम (७) दाखवलं, १९९४ ची दुरुस्ती लागू व्हायच्या आधीच्या करारांना हे लागूच नाही. खेळ खल्लास. मूळ करारात काय लिहिलंय तेच धरायचं, आणि तो करार फक्त त्यांच्याकडे. मुखपृष्ठांचं तर आणखी भारी आहे, पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा पहिला मालक कलम १७ प्रमाणे काढून घेणारा असतो, वेगळं ठरलं नसेल तर. म्हणजे चित्रकाराच्या मुलाने आपल्याला प्रेमाने 'टाका बिनधास्त' म्हटलं होतं त्याला भावनिक किंमत आहे, कायद्यात कितपत ते विचारू नका.

लढायचंच म्हटलं तर कलम ६२ मुळे ते पुण्यातच दावा लावू शकतात, जिथे त्यांचा धंदा चालतो तिथे. म्हणजे दर तारखेला आझाद हिंदचं वेटिंग तिकीट. ज्यांना लढायचा जोर आहे त्यांनी आधी रजा मोजाव्या.

डोमेन. आपलं डॉट इन आहे, त्याची तक्रार डॉट इन नावं सांभाळणाऱ्या निक्सीच्या आयएनडीआरपी धोरणाखाली लवादाकडे जाते. नाव मिळतंजुळतं आहे का, आपला हक्क आहे का, आणि वाईट हेतूने घेतलंय किंवा वापरलंय का, हे बघतात. त्यातलं 'किंवा' लक्षात घ्या, डॉट कॉमवाल्या यूडीआरपीत तिथे 'आणि' आहे, म्हणजे तिथे दोन्ही सिद्ध करावं लागतं. फॅनसाईटला वाचवणारा मुद्दा दोन्हीकडे एकच, वापर प्रामाणिक आणि बिनव्यावसायिक हवा. परत तोच क्यूआर. 'ही साईट अनधिकृत आहे' ही पट्टी वरती ठेवाच, पण ती ताईत नाही.

पैशाचं पण एकदाचं सांगून टाकतो कारण इनबॉक्स भरलाय. करसवलतीची ८०जी पावती देता येणार नाही, ती मंजुरी मिळालेल्या संस्थेलाच. नात्याबाहेरच्या लोकांकडून वर्षात एकूण पन्नास हजारांच्या वर आले तर वरचेच नाही, सगळेच करपात्र होतात, आपण त्याच्या जवळपासही नाही. वर्गणी म्हणाल तर गणपती मंडळंसुद्धा धर्मादाय आयुक्तांकडून ४१क ची, म्हणजे वर्गणी गोळा करायची, परवानगी घेतात, आपण तर मंडळही नाही. आणि न्यू जर्सीवाले आपले रामदासपेठचे काका, तुमचा पासपोर्ट अमेरिकन आहे, मन कितीही नागपूरचं असलं तरी एफसीआरएच्या, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या, भाषेत तुम्ही परकीय स्रोत. सांस्कृतिक कामाला तसे पैसे घ्यायला नोंदणी लागते. भारतीय पासपोर्टवाल्या एनआरआयने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवले तर गोष्ट वेगळी. रागावू नका, पुढच्या वेळी याल तेव्हा जुने अंक आणा.

या सगळ्यात एक भारी गोष्ट घडली. नागपुरातल्या बर्डीच्या फुटपाथवर एक बिनमुखपृष्ठाची कॉपी मिळाली, कुठल्याशा बंद पडलेल्या वाचनालयाचा जांभळा शिक्का असलेली, आणि तिच्या शेवटच्या पानावर 'लवकरच येत आहे' ची यादी! त्यामुळे ज्या दोन अंकांच्या क्रमावरून आपण इतकं भांडलो ते सुटलं, जिंकलेल्यांचं अभिनंदन.

आणि हे टाइप करता करताच डोक्यात आलं. ती यादी, अंक क्रमांक, साल, किंमत, पानं, ही नुसती माहिती आहे, माहितीवर कॉपीराइट नसतो. सूची आपली, परीक्षणं आपली, ओळखीपुरते छोटे उतारे समीक्षेत बसतात. स्कॅन गेले की साईट इतकी हलकी होते की फुकट होस्टिंग देणाऱ्या गिटहब पेजेसच्या एक जीबीत आरामात मावेल, मग होस्टिंगचं बिलच नाही, उरतो डोमेनचा खर्च, आणि तेही मालिकेचं नाव नसलेलं नवीन घ्यायचं. तेवढं मी भरतो. मग क्यूआर लागतो कशाला? म्हणजे मी आत्तापर्यंत देणगी कशी वाचवायची यावर डोकं फोडून राहिलो होतो आणि देणगीची गरज स्कॅनमुळेच होती. लोगोऐवजी साधी अक्षरं. मुखपृष्ठांसाठी प्रकाशकाला वेगळं पत्र लिहीन, छोट्या आकारात, लिखित परवानगीने, दिली तर दिली.

उत्तराचा मसुदा दादा बघतायत, तो जाईपर्यंत कुणी तिकडे फोन करून भांडू नका, विशेषतः तुम्ही, भाऊ. सूचीत अजून सुरुवातीच्या अंकांची सालं रिकामी आहेत. ज्यांच्याकडे ते अंक आहेत त्यांनी आतल्या पानावरची आवृत्ती, मुद्रणालय आणि किंमत टाइप करून पाठवा. फोटो नको.