आमची वाटचाल : रिठ्याचं पातेलं आणि त्या १८० बाटल्या

भांडी आणि लादी धुवायचा घरगुती माल बनवून विकायचा आमचा ठाण्यातला धंदा सुरू झाला तो माझ्या हातांमुळे. २०१३ च्या दिवाळीच्या साफसफाईत मी बाथरूमच्या टाइल्सना ॲसिड घासलं आणि पुढचा आठवडाभर बोटांना चिरा, कणीक मळताना मीठ असं झोंबायचं की डोळ्यात पाणी यायचं, आणि धाकटा तेव्हा रांगत होता, त्याच लादीवर. सासूबाई म्हणाल्या, अगं आम्ही शालू काय नि सोन्याचे दागिने काय, रिठ्याच्या पाण्यातच धुवायचो. दुसऱ्या दिवशी जांभळी नाक्यावरनं अर्धा किलो रिठा आणला. तो आमचा पहिला कच्चा माल.

वर्तक नगरचं वन रूम किचन, त्यात २० लिटरचं स्टीलचं पातेलं. ते पातेलं आजही आहे, एका कानाचं रिवेट दोनदा बदललंय. रिठा बिया काढून रात्रभर भिजत घालायचा, सकाळी मंद आचेवर पाऊण तास, मग हाताने कुस्करून मलमलीतून दोनदा गाळायचा. पातेलं निम्मंच भरायचं, नाहीतर फेस उतू जाऊन बर्नर बसतो. आणि रिठा अख्खाच घ्या, पावडर घेऊ नका, पावडरीत काय काय दळलंय ते आपल्याला कळत नाही. ज्यांनी हे काम केलंय त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. डोळ्याला मात्र जपा, रिठ्याचं पाणी डोळ्यात गेलं की फार झोंबतं, नैसर्गिक आहे म्हणून लहान मुलांच्या हाती द्यायचं नसतं.

हा रिठ्याचा माल भांड्यांसाठी. लादीसाठी दुसरा माल, मोसंबीच्या सालींचा. स्टेशनबाहेरचा ज्यूसवाला साली फुकट द्यायचा, फक्त संध्याकाळी पिशवी घेऊन जायचं. १ भाग गूळ, ३ भाग साली, १० भाग पाणी, तीन महिने आंबवत ठेवायचं. पहिला महिना रोज झाकण सैल करायचं, गॅस धरतो.

पुढची तीन-चार वर्षं बरी गेली. गिऱ्हाईक बिल्डिंगमधून बिल्डिंगमध्ये वाढत गेलं, हे ऑफिसला जाताना स्कूटरवर बाटल्या पोचवायचे. तांब्यापितळेच्या पावडरीची पण विचारणा व्हायची, पण त्यात पितांबरी आपल्या ठाण्यातूनच मोठी झालेली, आम्ही तिकडे गेलोच नाही.

मग आला २०१७ चा जुलै. घोडबंदर रोडच्या एका मोठ्या सोसायटीतून आम्हाला ६० बाटल्यांची ऑर्डर होती, एवढी मोठी पहिल्यांदाच. त्यांची एकच तक्रार, तेलकट कढई निघत नाही. मी विचार केला की धुण्याचा सोडा घातला तर तेल सुटेल, आणि सुटतंही, ते खोटं नाही. पण आमच्या मालात सायट्रिक ॲसिड असतं आणि टिकायला सोडियम बेन्झोएट, आणि बेन्झोएट काम करतं ते फक्त आंबट मालात, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका माल आंबट) साधारण साडेचारच्या खाली असेल तरच. सोडा टाकल्यावर पातेलं फसफसलं, मला वाटलं जोर आला, प्रत्यक्षात सोडा आणि सायट्रिक एकमेकांना खाऊन टाकत होते. (व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून सिंकमध्ये ओतणाऱ्यांनाही हेच सांगते, फसफस दिसते, शेवटी हातात जवळपास खारं पाणीच उरतं.) पीएच पट्टी मी लावलीच नाही. १५ रुपये वाचवले म्हणा. नंतर उरलेल्या बाटलीत पट्टी बुडवली तर ती हिरवी, म्हणजे पीएच आठच्या आसपास.

बारा दिवसांत बाटल्या फुगल्या. एक तर ह्यांच्या डिकीत झाकण उडून फुटली, असा वास की स्कूटर दोन दिवस बाहेर उभी. त्या बॅचच्या १८० बाटल्या गेलेल्या, ९० रुपयाची एक, म्हणजे १६,२०० रुपये. माझी भिशी त्याच महिन्यात लागली होती, घराच्या पडद्यांसाठी ठेवलेली, ती सगळी ह्यात गेली. एकूण एक बाटली बदलून दिली किंवा पैसे परत केले, दारोदार जाऊन, पावसात.

आणि नेमकं तेव्हा तो माणूस. नाव घेत नाही. आमच्या रिकाम्या बाटल्या आणि झाकणं तोच पुरवायचा, वागळे इस्टेटमधून, दर पंधरा दिवसांनी यायचा, चहा प्यायचा, सासूबाई त्याला पोहे द्यायच्या. कुठल्या सोसायटीला किती जातात, कोण उधार ठेवतं, सगळं विचारायचा आणि आम्ही घरचा माणूस समजून सांगायचो. आमच्या बाटल्या फुगल्याची बातमी त्याला माझ्याच तोंडून कळली, मी झाकणाचा दोष तर नाही ना म्हणून विचारायला फोन केला होता. तिसऱ्या दिवशी तो त्याच घोडबंदरच्या सोसायटीत ५ लिटरचे हिरवे कॅन घेऊन उभा, आणि बायकांना सांगतोय, घरगुती माल असा सडतोच, त्या बाई आता धंदा गुंडाळतायत.

त्या कॅनवर लिंबाचं चित्र आणि 'हर्बल'. आत काय, तर ॲसिड स्लरी (डिटर्जंटचं मूळ रसायन, आम्ल असतं), तिचं आम्ल मारायला कॉस्टिक सोडा, एसएलईएस (फेस आणणारं रसायन), घट्ट करायला मीठ, रंग आणि सेंट. ह्या लाइनमधला कोणीही पोत बघून सांगेल. स्लरीचा माल वाईटच असतो असं मी म्हणत नाही, भांडी निघतात, पण मग तसं लिहा ना. त्याच्या कॅनवर एमआरपी नव्हती, नेट क्वांटिटी नव्हती, पॅकिंगचा महिना नव्हता. हे सगळं छापणं पॅकबंद मालाच्या २०११ च्या नियमांनी तेव्हा बंधनकारक होतं आणि आम्ही घरात उकळून विकणारे लोक ते पहिल्या वर्षापासून छापतोय. रिठ्याला फेस कमी येतो, त्याच्या मालाला भरपूर, आणि आपल्याकडे फेस म्हणजेच सफाई असं डोक्यात बसलंय. ती सोसायटी गेली ती गेली. आजतागायत तिथून एक ऑर्डर नाही.

त्या महिन्यात पातेलं माळ्यावर टाकायचंच ठरलं होतं. थांबवलं पाचपाखाडीच्या आजींनी. म्युनिसिपालिटीच्या शाळेतून रिटायर झालेल्या, आमच्या अगदी पहिल्या दहा गिऱ्हाइकांतल्या. मी पैसे परत द्यायला गेले तर म्हणाल्या, पैसे नकोत, चांगली बाटली आण, मी थांबते. आणि विचारलं, नेमकं काय चुकलं ते सापडलं का? मी सांगायला लागले, त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, शेवटी म्हणाल्या, मग आता लिहून ठेव. त्या दिवसापासून आमच्याकडे बॅचची वही आहे. तारीख, रिठ्याचं वजन, पीएच, आणि प्रत्येक बॅचची एक बाटली खिडकीत ठेवलेली, महिनाभर.

तेलकट भांड्यांसाठी सोड्याची कोरडी पावडर वेगळी देतो, पाण्यात कालवायची ती वापरतानाच. पाणी नाही म्हटल्यावर सडायचं काही कारणच नाही. मार्बलवर आमचा मोसंबीचा माल वापरू नका, आंबट कुठलंही असो, मार्बल खातं आणि डाग जात नाही, हे लेबलवर मोठ्या अक्षरात आहे. आणि ब्लीचमध्ये कुठलंही ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी गॅस निघतो. नवीन सुरू करणाऱ्यांनी उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) करून घ्या, ते फुकट असतं, एजंटला पैसे देऊ नका. आणि बाटलीवाल्याला गिऱ्हाइकांची नावं सांगू नका.

आजींची स्वतःची पण एक वही आहे, हिशोबाची, बाटली कधी आली आणि किती दिवस पुरली. परवा ह्यांनी रिकाम्या बाटल्या आणल्या, नेहमीसारख्या धुतलेल्या, झाकणं वेगळ्या पिशवीत, तेव्हा आजींनी त्यांना ते जुनं पान उघडून दाखवलं, ह्यांनी मोबाइलवर फोटो काढून आणला. जुलै २०१७ समोर निळ्या शाईत लिहिलंय : माल खराब निघाला. स्वतः येऊन बदलून दिला.