वेळणेश्वरला जायचं तर तिथी बघून जा

गुहागर तालुक्यातलं वेळणेश्वर म्हणजे डोंगराच्या दोन सोंडांमध्ये वळलेली चंद्रकोरीसारखी खाडीवजा खोलगट किनारपट्टी, मागे नारळी, आणि नारळीतच शंकराचं देऊळ. गणपतीपुळ्यासारखी दुकानांची रांग नाही, पाण्यावरचे खेळ जवळपास नाहीत. करायला फारसं काही नसणं हेच इथलं सुख आहे. पण जे काही करायचं, म्हणजे चालणं, डुंबणं, खडकांवर बसणं, ते सगळं भरती-ओहोटीच्या हातात असतं. लोक शनिवार-रविवार बघून खोली घेतात, भर दुपारी पूर्ण भरतीला पोचतात, आणि 'चालायला किनाराच नव्हता' म्हणत परततात. म्हणून आधी हिशेब, मग बुकिंग.

हिशेब कोकणातला जुनाच आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनला भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. त्यापुढे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. या हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो, त्यामुळे निघण्याच्या दिवशी भरतीचा तक्ता दाखवणारं एखादं अॅप बघून खात्री करावी. पण दोन महिने आधी तारखा ठरवायला घरातलं कालनिर्णय पुरतं.

आता कुठल्या तिथी निवडायच्या? त्रयोदशीपासून द्वितीयेपर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. तेव्हा उधाण असतं, म्हणजे भरती जास्त चढते आणि ओहोटीही जास्त उतरते. पौर्णिमेचा दिवस घ्या. पहाटे पाच-साडेपाचला ओहोटी, साडेअकराच्या आसपास भरती, संध्याकाळी साडेपाचला पुन्हा ओहोटी. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, म्हणजे नेमकं त्या वेळी किनारा सर्वांत रुंद असतो, ओली वाळू घट्ट असते, अनवाणी चालता येतं, आणि पाठीमागे डोंगरावर चंद्र येतो. अष्टमीला याच्या उलट. भरती सकाळ-संध्याकाळ सहाला, ओहोटी ऐन बाराच्या उन्हात. शिवाय भांग, म्हणजे उधाणाच्या उलट कमजोर भरती-ओहोटी असल्यामुळे पाणी फार उतरतही नाही. अष्टमी-नवमीचे दिवस वाचन आणि झोप यांच्यासाठी ठेवावेत.

पोहण्याबद्दल जरा सविस्तर. वेळणेश्वरचा किनारा उथळ उताराचा आहे, मधल्या भागात खडक नाहीत, म्हणून 'पोहायला सुरक्षित' असं त्याचं वर्णन सगळीकडे वाचायला मिळतं. हे शब्द मला खटकतात. किनारा सौम्य आहे, समुद्र तोच आहे. पाण्यात उतरायची वेळ म्हणजे पूर्ण भरतीच्या आधीचे तीन-चार तास. तेव्हा पाण्याचा एकूण रेटा किनाऱ्याकडे असतो. पौर्णिमेच्या हिशेबाने ही वेळ सकाळी आठ ते अकरा येते, आणि तेव्हा वाराही मंद असतो, कारण रात्रभर जमिनीकडून वाहणारे मतलई वारे थांबलेले असतात आणि खारे वारे अजून जोर धरायचे असतात. दुपारनंतर खाऱ्या वाऱ्याने लाटा तुटक आणि खवळलेल्या होतात. ओहोटी सुरू झाली की बाहेर यावं.

ओढीचा प्रवाह ओळखायला शिकणं आवश्यक आहे. लाटा किनाऱ्याला आणून टाकतात ते पाणी कुठून तरी परत जातं, आणि त्या अरुंद वाटेवर लाट फुटत नाही. बघणाऱ्याला तीच जागा शांत वाटते, आणि पोहता न येणारा माणूस मुद्दाम तिथेच उतरतो. दोन्ही बाजूंना पांढऱ्या लाटा आणि मध्ये सपाट, गढूळ पट्टा, फेस आत सरकताना दिसतोय, असं असेल तर तिथून दूर राहा. कोकणात बहुतेक किनाऱ्यांवर ही ओढ खडकाळ टोकांच्या कडेने जास्त असते, म्हणून दोन्ही सोंडांपासून अंतर ठेवून मधोमध उतरावं. सापडलाच तर किनाऱ्याकडे झुंजत पोहू नका, त्यातच दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर या, मग लाटेबरोबर परत. पोहता येत नसेल तर कमरेच्या वर पाणी नको. जीवरक्षक असतीलच असं धरून चालू नका. जून ते सप्टेंबर तर पाण्यात पाय घालण्यापलीकडे काही करू नये.

भरतीच्या वेळेचा उपयोग हेदवीला करा. सहा-सात किलोमीटरवर उमामहेश्वराच्या देवळाजवळ काळ्या खडकात एक अरुंद चीर आहे, तिला बामणघळ म्हणतात. लाट त्या घळीत शिरते, तिला जागा उरत नाही, आणि पाणी फवाऱ्यासारखं उभं उसळतं. ओहोटीला गेलात तर नुसती कोरडी भेग दिसते. पूर्ण भरतीच्या आधी तासभर पोचा. खडक शेवाळलेला असतो, चपला घसरतात, आणि पाच-सात लहान लाटांनंतर एखादी मोठी येते, म्हणून सुकलेल्या खडकावरच थांबायचं. खडक ओला दिसतोय याचा अर्थ पाणी तिथपर्यंत येऊन गेलंय. घळीच्या तोंडाशी फोटो काढायला कुणालाही जाऊ देऊ नका.

हेदवीचा दशभुज गणपती टेकडीवर आहे, पांढऱ्या पाषाणाची दहा हातांची सुंदर मूर्ती. संकष्टीला तिथे गर्दी असते, पण त्या दिवसाचं वेळापत्रक छान जुळतं: सकाळी नऊच्या आसपास ओहोटी, तेव्हा चालणं. दुपारी तीनला बामणघळ. नंतर दर्शन.

वेळणेश्वर हे गाडगीळ, गोखले अशा घराण्यांचं कुलदैवत, त्यामुळे कुलाचाराला येणाऱ्यांची ये-जा वर्षभर असते. महाशिवरात्रीला जत्रा भरते, शांतता हवी असेल तर ते दिवस टाळा. दिवाळी, नाताळ आणि मे महिनाही टाळा. नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंतचे मधल्या वाराचे दिवस उत्तम. ओल्या कपड्यांनी देवळात शिरू नये, हे सांगावं लागतं हे वाईट.

जेवण घरगुती खानावळीत. इथे आयत्या वेळी ताट मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. दुपारच्या जेवणाची माणसं सकाळी नाश्त्याच्या वेळीच सांगा. मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी, कारण उकड काढून वळायला वेळ लागतो आणि नारळ आधी खवून ठेवावा लागतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्या काळात ताज्या मासळीचा आग्रह धरू नये. कुळथाचं पिठलं, भात आणि सोलकढी यांवर पावसाळ्यात काही कमी पडत नाही.

पोचायला: रेल्वेने चिपळूण, तिथून एसटीने गुहागर सुमारे ४५ किलोमीटर, पुढे वेळणेश्वर वीसेक किलोमीटर. शेवटच्या टप्प्याच्या गाड्या मोजक्या, चिपळूणलाच वेळा विचारून घ्या. पुण्याहून स्वतःच्या गाडीने पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण. चिपळूणकडून येताना शृंगारतळीला पेट्रोल भरा आणि रोख पैसे काढून ठेवा, मोडकाआगरहून पालशेतमार्गे वेळणेश्वरकडे वळा. दापोलीकडून येणाऱ्यांना दाभोळ-धोपावे फेरी आहे. पुढे गणपतीपुळ्याला जायचं असेल तर हेदवीहून तवसाळ, आणि फेरीने जयगड. शेवटच्या फेरीची वेळ आधी विचारा, चुकली तर मोठा वळसा पडतो. पूर्ण ओहोटीला धक्क्याच्या उताराचा खालचा भाग ओला असतो, दुचाकी तिथे सावकाश उतरवा.

आणि गाडी वाळूत घालू नका. कोरड्या वाळूत चाक फिरलं की ते स्वतःचा खड्डा खणतं, जितका अॅक्सिलरेटर दाबाल तितकी गाडी पोटावर बसते, आणि भरती कुणासाठी थांबत नाही. खारं पाणी ब्रेकपर्यंत गेलं तर गंज पुढची दोन वर्षं निघत राहतो. वाळूच्या कडेने नुसतं फिरवली असली तरी मुक्कामावर खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या.