ओल इथं, गळती तिथं

नळ पिळून बंद करण्यात आपल्याकडे एक विचित्र पुरुषार्थ मानला जातो. थेंब पडतोय? आणखी पीळ. तरी पडतोय? दोन्ही हातांनी पीळ. आत स्पिंडलच्या, म्हणजे नळासोबत फिरणाऱ्या दांडीच्या, टोकाशी रबराचा एक वायसर असतो, तो दाबून बसला की पाणी अडतं. जितका जोर लावाल तितका तो चेपतो, चिरतो, आणि थेंब आपला चालूच. वायसर चहाच्या कपापेक्षा महाग नसतो, पण तो बदलायचा मुहूर्त लागत नाही. घरात आलेल्या एखाद्या आजींना मग तो नळ उघडताच येत नाही, ही गोष्ट वेगळी.

साधारण चार हजार थेंबांचा एक लिटर होतो. सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाकाठी वीसेक लिटर, म्हणजे एक भरलेली मोठी बादली. या हिशेबाने कुणी जागचं हलत नाही. हलवतो तो रात्रीचा ‘टप्, टप्’. गंमत म्हणजे हा आवाज थेंब आपटल्याचा नसतोच. थेंब पडताना पाण्याखाली हवेचा एक इवलासा बुडबुडा अडकतो आणि तो थरथरताना पाण्याचा पृष्ठभागही हलवतो, त्याचा हा आवाज, असं केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं. त्यांच्यातल्या अनुराग अग्रवाल यांना हा प्रश्न पडला तो ब्राझीलमध्ये मित्राच्या घरी मुक्कामाला असताना. छत गळत होतं, खाली बादली लावलेली, आणि झोप येत नव्हती. त्यांना सापडलेला उपायही घरगुती: बादलीत भांडी घासायचा थोडा लिक्विड साबण टाका, आवाज बंद. गळती तशीच राहते म्हणा, पण आपल्याला तरी रात्री दुसरं काय हवं असतं?

नळाची गळती निदान दिसते तरी. भिंतीतली महाबिलंदर. पाणी सुटतं बाथरूममधल्या सांध्यातून, स्लॅबमध्ये वाट मिळेल तसं सरकतं आणि उगवतं बेडरूमच्या कपाटामागे. रंगाचे पोपडे सुटतात, पांढरा क्षार फुलतो. म्हणून ओल दिसली तिथंच छिन्नी लावणारा प्लंबर मी घरात घेत नाही. चांगला माणूस आधी विचारतो: बारा महिने चोवीस तास ओल असते, की अंघोळी झाल्यावर वाढते, की फक्त पावसाळ्यात येते? कायम असेल तर दाबाखालची पाण्याची लाइन. अंघोळीनंतर वाढत असेल तर नहाणी ट्रॅप, म्हणजे मोरीच्या जाळीखालचं सांडपाण्याचं भांडं, नाहीतर फरशीच्या फटी. पावसाळ्यातच येत असेल तर बाहेरची भिंत किंवा गच्ची. मग सगळे नळ बंद करून टाकीची पातळी उतरते का ते बघतो. गळती बुजवणं हे हाताचं काम, शोधणं हे डोक्याचं. आपण मजुरी मात्र हाताचीच देतो आणि वर म्हणतो, ‘नुसतं बघायचे एवढे पैसे?’

बाकी चांगला असो की वाईट, आल्या आल्या प्रत्येक प्लंबर एक वाक्य म्हणतोच. ‘हे कोणी केलंय?’ आटे गेलेत, आट्यांवरची टेफलॉन टेप उलटी गुंडाळलीय, सीपीव्हीसीच्या प्लास्टिक पाइपाला चिकटवायचं सोल्युशन नीट लावलेलं नाही. जुन्या मंडळींना टेफलॉनही पटत नाही. त्यांच्या मते आट्यांवर सूत गुंडाळून, सफेद्याचा लेप लावून आवळलेला जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपाचा, सांधा तो सांधा. पाइप आतून गंजून चाळणी झाला तरी सांधा हलत नाही, हे मात्र खरं.

आणि मग सोसायटी. ‘काका, आमच्या छताला ओल आलीय, तुमच्याकडूनच असणार.’ ‘आमची बाथरूम ठणठणीत कोरडी आहे हो ताई.’ यावर जुना तोडगा म्हणजे रंगाचं पाणी. वरच्या बाथरूमची जाळी बुजवून रंगीत पाणी साठवायचं आणि खाली सगळ्यांनी माना वर करून बसायचं. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून आणि बाहेरच्या सामायिक पाइपांतून होणारी गळती सोसायटीच्या खर्चाने, घरातली ज्याची त्याने. त्यामुळे खाली रंग उतरेपर्यंत वरचे आणि खालचे दोघंही सेक्रेटरीविरुद्ध एका पक्षात असतात. लाल ठिपका दिसला की पक्ष फुटतो, आणि चर्चा थेट मुद्द्यावर येते: फरशीच्या फटी भरायचं ग्राउटिंग ठीक आहे, पण खालच्या छताचा रंग कोण देणार, आणि तो पुट्टीसकट की पुट्टीविना?