पैसे चार मिनिटांत भरले, एका शब्दासाठी दोन महिने गेले

जर्मनीला नर्स म्हणून जायचं नक्की झालं तेव्हा भाषेची परीक्षा, पदवीची कागदपत्रं, व्हिसा हे सगळं एकापाठोपाठ एक पार पडलं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मला लिहायचंय ते एका जुन्या क्रेडिट कार्डाबद्दल, कारण जायच्या आधीच्या दोन महिन्यांत माझी झोप उडवली ती त्याने.

कार्ड 2017 चं. तेव्हा मी पुण्यात एका हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स होते. बाबांच्या आजारपणात औषधांची बिलं त्या कार्डावर गेली. काही महिने मी मिनिमम ड्यू, म्हणजे बिलात दिलेली किमान रक्कम, तेवढीच भरत राहिले. त्याने मुद्दल जवळपास हलत नाही, फक्त व्याज फिटतं, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या घरात, आणि त्या व्याजावर पुन्हा 18 टक्के जीएसटी. मग नोकरी सुटली, बाबा गेले, मी नाशिकला परत आले, मोबाईल नंबर बदलला. फोन यायचे बंद झाले आणि मीही त्या कार्डाकडे पाठ फिरवली.

भावाने 2025 मध्ये घर घ्यायचं ठरवलं आणि कर्जात माझं नाव सहअर्जदार म्हणून घालू म्हणाला. तेव्हा मी सिबिलचा रिपोर्ट, म्हणजे आपण घेतलेली कर्जं कशी फेडली याची नोंद, काढला. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, या चारही कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. रिपोर्टात त्या कार्डापुढे ‘रिटन-ऑफ’ लिहिलेलं होतं. 38,412 रुपयांची थकबाकी 86,270 झाली होती. रिटन-ऑफ म्हणजे बँकेने कर्ज माफ केलं, असं मला आधी वाटलं. तसं नसतं. बँक ते फक्त आपल्या हिशेबात बुडीत धरते, आपल्याकडून येणं तसंच राहतं.

घरात प्रत्येकाचं वेगळं मत. मावशी म्हणाली, विमानतळावर अडवतील गं तुला. मामेभाऊ म्हणाला, तीन वर्षं उलटून गेली, आता बँक काही करू शकत नाही, सोडून दे. दोघंही माझ्या काळजीनेच बोलत होते, पण दोघांचंही पूर्ण बरोबर नव्हतं. कार्डाची थकबाकी हा दिवाणी मामला आहे, नुसत्या थकबाकीसाठी विमानतळावर कुणी थांबवत नाही. सरकारी बँकांना कर्जदाराविरुद्ध लुकआउट सर्क्युलर (देशाबाहेर जाताना अडवण्याची सूचना) मागण्याचा जो अधिकार दिला होता, तोसुद्धा मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये रद्द केला. मात्र चेक बाउन्सची केस किंवा कोर्टाचं वॉरंट असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून मी ई-कोर्ट्सच्या साइटवर पुणे आणि नाशिक, दोन्ही जिल्ह्यांत माझ्या नावाने शोधून पाहिलं. काही निघालं नाही तेव्हा आईला झोप लागली. तीन वर्षांचं म्हणाल तर मुदत कायद्याप्रमाणे तेवढ्या काळानंतर बँकेचा दावा कोर्टात सहसा टिकत नाही, पण रिपोर्टातली नोंद त्याने पुसली जात नाही. भावाचं कर्ज अडवायला ती नोंद पुरेशी होती.

बँकेशी बोलायचं तर कस्टमर केअरला ओटीपी लागतो आणि तो जायचा माझ्या जुन्या नंबरवर, जो आता दुसऱ्याच कुणाकडे आहे. शाखेत गेले तर, ‘मॅडम, कार्डाचं आमच्याकडे नसतं, कार्ड डिव्हिजन वेगळं.’ तीन चकरांनंतर आधार, पॅन आणि लेखी अर्ज घेऊन नंबर बदलला. तुमचा नंबर बदलला असेल तर सगळ्यात आधी हेच करा. आणि परदेशी जाताना भारतातलं सिम बंद करू नका. रोमिंग चालू ठेवा, ओटीपीपुरतं तरी. याची गरज मला पुढे पडली.

नंबर बदलताच वसुली एजन्सीचा फोन. पस्तीस हजारांत सेटलमेंट करा, आजच्या दिवसापुरती ऑफर आहे, या यूपीआयवर टाका. मी नाही म्हणाले. कमी रकमेत मिटवलं की रिपोर्टात ‘सेटल्ड’ लागतं आणि पुढचा कर्ज देणारा ते वाचून ‘पूर्ण पैसे दिले नाहीत’ असाच अर्थ काढतो. ज्यांच्याकडे खरंच पैसे नाहीत त्यांनी सेटलमेंट घ्यावं, त्यात लाज नाही. पण मग बँकेच्या लेटरहेडवर, बँकेच्या ईमेलवरून आधी पत्र घ्या आणि पैसे थेट कार्डाच्या खात्यात भरा, एजंटच्या यूपीआयवर एक रुपयाही टाकू नका. एजंटांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मला रात्री साडेनऊला आला, मी तारीख-वेळ वहीत लिहून ठेवली.

12 फेब्रुवारी 2025 ला 86,270 रुपये पूर्ण भरले. एनईएफटीने, चार मिनिटांत. साठवलेले होते, परदेशातल्या पहिल्या दोन महिन्यांच्या खर्चासाठी बाजूला ठेवलेले. मोबाईलवर पावती आली आणि मी आईला म्हटलं, संपलं.

बारा दिवसांनी बँकेचं पत्र आलं. ते वाक्य मला पाठ झालंय. ‘आपल्या कार्ड खात्यापोटी सेटलमेंटची रक्कम मिळाली असून खाते सेटल्ड म्हणून बंद करण्यात आले आहे.’

मी पूर्ण पैसे भरले होते. एक रुपयाची सूट मागितली नव्हती. सेटलमेंट नको म्हणून एजंटला नकार दिला होता, आणि पत्रात नेमका तोच शब्द.

फोन केला. पंचवीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, सिस्टीममध्ये रिटन-ऑफ खात्यांसाठी हाच फॉरमॅट आहे.’ मी म्हटलं, मग फॉरमॅट चुकीचा आहे. ती म्हणाली, कंप्लेंट नोंदवते, सात दिवसांत उत्तर येईल. सात दिवसांनी एसएमएस आला, तुमची तक्रार बंद करण्यात आली आहे. उत्तर नाहीच. पुन्हा फोन, पुन्हा नवा तक्रार क्रमांक, पुन्हा बंद. शाखेतल्या साहेबांनी पत्र हातात घेतलं, वाचलं आणि म्हणाले, ‘पैसे भरलेत ना तुम्ही? मग काय अडचण आहे?’ मी त्यांना भावाच्या गृहकर्जाचं सांगितलं. ते म्हणाले, वरच्यांना मेल टाका.

1 मार्चला मी सिबिलच्या साइटवर डिस्प्यूट नोंदवला. तो फुकट असतो. पण बँकेने होकार दिल्याशिवाय सिबिल स्वतःहून एक अक्षरही बदलत नाही. ते तुमची तक्रार बँकेला पाठवतात आणि बँक काय म्हणते त्याची वाट पाहतात. म्हणजे ज्यांनी चूक केली त्यांच्याच दारात तुमचा कागद परत जातो. मी रोज सकाळी ड्युटीला निघायच्या आधी लॉगिन करून बघायचे. 86,270 थकीत, रिटन-ऑफ. भरलेले पैसे तिथे दिसतच नव्हते. कस्टमर केअर म्हणे, अपडेट व्हायला पंचेचाळीस दिवस लागतात. 2025 च्या जानेवारीपासून बँकांना दर पंधरवड्याला ही माहिती पाठवावी लागत होती, हे मी वाचलं होतं. तसं म्हटल्यावर तिकडून फोन होल्डवर गेला आणि कट झाला.

तिकीट 5 एप्रिलचं होतं. बॅगा भरताना मन त्या कागदातच अडकलेलं. मी गेल्यावर भाऊ शाखेत गेला असता तर त्याला कुणी दाद दिली नसती, खातं त्याचं नाही. त्याच्या नावाने मुखत्यारपत्र करून ठेवलं ते याच भीतीने. ते इथे असतानाच करा. तिकडून करायचं म्हणजे वकिलातीत साक्षांकन आणि इथे आल्यावर तीन महिन्यांत त्यावर स्टॅम्प ड्युटी.

शेवटी हलवलं ते एका मेलने. प्रत्येक बँकेच्या साइटवर तक्रार निवारणाच्या पानावर प्रिन्सिपल नोडल ऑफिसरचा, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्याचा, पत्ता असतो, मी तो एक महिना आधीच शोधायला हवा होता. मेल छोटा लिहिला. भरल्याची तारीख, रक्कम, यूटीआर क्रमांक (पैसे पाठवल्याचा बँकेचा क्रमांक), चुकीच्या पत्राची प्रत, सगळे तक्रार क्रमांक. आणि शेवटी दोन वाक्यं. पहिलं, क्रेडिट माहितीची तक्रार 30 दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते, हा नियम 26 एप्रिल 2024 पासून लागू आहे. दुसरं, 30 दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही तर मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन. या लोकपालाकडे बँकेविरुद्धची तक्रार ऑनलाइन करता येते, पैसे लागत नाहीत, फक्त आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते.

दुसऱ्याच दिवशी एका बाईंचा फोन आला. नीट बोलल्या, ऐकून घेतलं. 21 मार्चला नवीन पत्र आलं. ‘संपूर्ण थकबाकी मिळाली असून खाते बंद करण्यात आले आहे. कोणतेही येणे बाकी नाही.’ ड्युटीवर होते, स्टाफ रूममध्ये ते तीनदा वाचलं आणि डोळ्यांत पाणी आलं.

रिपोर्ट मात्र मी निघाले तेव्हाही तसाच होता. तो बदलला 11 एप्रिलला. मी जर्मनीत होते, बाहेर अजून थंडी होती, भारतातल्या सिमवर ओटीपी आला आणि पान उघडलं. थकबाकी शून्य, खातं ‘क्लोज्ड’. जुन्या महिन्यांतल्या उशिराच्या नोंदी अजून दिसतात. त्या खऱ्या आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

1 मार्चच्या डिस्प्यूटचे 30 दिवस 31 मार्चला संपले होते. रिपोर्ट बदलेपर्यंत वर अकरा दिवस. 17 एप्रिलला माझ्या खात्यात 1,100 रुपये जमा झाले, न मागता. ते खातं जाताना एनआरओ (अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं खातं) करून घेतलं होतं, कारण अनिवासी झाल्यावर साधं बचत खातं तसंच ठेवता येत नाही.

त्या दिवशी मी भावाला फोन केला. तो म्हणाला, ‘ताई, रिपोर्ट पाठव, उद्या फाइल टाकतो.’ पत्राची मूळ प्रत आईच्या कपाटात आहे, बाबांच्या फाइलखाली. आईला सांगून ठेवलंय, घर बदललं तरी तो कागद टाकायचा नाही.